नायिका न झालेली अभिनेत्री

चित्रपटाच्या धंद्याने स्त्रीपासून आरंभापासून मागितले ते रूप आणि तारुण्य. आणि या दोहोंची मुदत संपत आली की ज्या बाईच्या नावावर कालपर्यंत तिकिटे खपत होती तिला आईच्या नाहीतर सासूच्या भूमिकेकडे वळवावयाचे, हा त्या धंद्याचा रिवाज मुंबईत काय, कलकत्त्यात काय आणि मद्रासेत काय, सारखाच चालत आलेला आहे. असे असता, तमिळ बोलपट अवघा चार वर्षांचा असताना ज्यांनी त्यात पाऊल ठेवले, पहिल्याच चित्रपटासाठी ज्यांनी एक लाख रुपयांचा करार केला, आणि त्या लाख रुपयांच्या मोबदल्यात ज्यांनी पडद्यावर रूप धारण केले ते एका अस्पृश्य पुरुषाचे, अशा अभिनेत्रीची हकीकत मराठी वाचकाच्या फारशी परिचयाची नाही याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. के. बी. सुंदरांबाळ हे त्यांचे नाव. सुमारे चार दशकांच्या अवधीत त्यांनी बाराएक चित्रपटांतच काम केले. आणि त्यांतल्या ठळक भूमिका एकीपुढे एक मांडल्या तर एक शिवभक्त पुरुष, एक बौद्ध भिक्षुणी, एक वृद्ध कवयित्री, एक जैन साध्वी आणि स्वतःचे सौंदर्य टाकून देण्याचा वर देवाकडे मागणारी एक संत स्त्री, अशी ती मालिका लागते. उपवनात प्रियकराची वाट पाहणारी नायिका त्या पडद्यावर कधीच झाल्या नाहीत, आणि तरीही तमिळ मुलखात त्यांच्या नावाला जो मान मिळाला तो भल्याभल्या नायिकांच्या वाट्याला आलेला नाही. चित्रपटासारख्या हट्टी धंद्याला एका बाईने आपल्या शर्तींवर चालावयास लावले, ते कोणत्या बळावर, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

इरोड आणि तिरुच्चिरापळ्ळी यांना जोडणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, कावेरीच्या काठी, कोडुमुडी नावाचे एक शिवक्षेत्र आहे. तेथे १९०८ साली सुंदरांबाळ यांचा जन्म झाला. त्यांच्या नावामागच्या दोन आद्याक्षरांपैकी पहिले या गावाचे आणि दुसरे आईचे, बालांबाळ यांचे. घरी दारिद्र्य असे की मुलीचा गोड गळा हेच घरचे एकमेव भांडवल होते; आणि आगगाडीच्या डब्यांतून उतारूंपुढे गाणी म्हणून चार पैसे मिळवीत असलेल्या या मुलीचा आवाज एके दिवशी योग्य कानांवर पडला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ते कान कोणाचे, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. कोणी रेल्वेतील अधिकारी आणि नाट्यवेडे गृहस्थ एफ. जी. नटेश अय्यर यांचे नाव घेतात, कोणी एका पोलीस अंमलदाराचे. परंतु दोन्ही कथांतली मुलगी अखेर वेलु नायर यांच्या नाटकमंडळीत दाखल होते, आणि दुष्काळात आपली मुले विहिरीत लोटणाऱ्या नल्लतंगाळ या दुर्दैवी मातेच्या नाटकात त्यांपैकी एका मुलग्याची भूमिका करून रंगभूमीवर प्रवेश करते.

त्या काळच्या तमिळ नाटकाची घडण मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली आपल्याकडे जे युग सुरू केले, त्याच सुमारास मद्रास इलाख्यातही जुन्या रात्रभर चालणाऱ्या खेळांना नवे व्यावसायिक रूप येत होते, फिरत्या पारशी आणि मराठी मंडळ्यांचे प्रयोग तेथील लोक पाहत होते, आणि तंजावरचे मराठी भाषक गोविंदस्वामी राव यांच्या मंडळीचे नाव तमिळ रंगभूमीच्या इतिहासात आजही आदराने घेतले जाते. या रंगभूमीला खरा पाया घातला तो शंकरदास स्वामिगळ यांनी. १८६७ ते १९२२ एवढ्या आयुष्यात त्यांनी पुराणकथांवर अनेक नाटके रचली, मुलांच्या मंडळ्या काढून नटांच्या पिढ्या तयार केल्या, आणि पदांना शास्त्रीय रागांची बैठक दिली. त्यांच्या नंतरच्या काळात ‘स्पेशल नाटक’ नावाचा एक विलक्षण प्रकार तेथे बोकाळला. निरनिराळ्या गावांचे नट-नटी कंत्राटदाराने बिदागी ठरवून एका रात्रीपुरते एकत्र आणावयाचे. तालीम नाही, ओळखही असेलच असे नाही. कथा सर्वांना पाठ, पदे सर्वांना पाठ, आणि मग रंगमंचावर नायक-नायिकांनी प्रश्नाला उत्तर, रागाला राग, तानेला तान अशी अक्षरशः लढत करावयाची. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेत जमिनीवर बसलेल्या शेतकऱ्याला शब्द स्पष्ट ऐकू गेला नाही तर तो उठून ओरडत असे. सुंदरांबाळ यांचा उंच पट्टीतला, धारदार आणि तरीही शब्दाची एकही कड न मोडणारा आवाज या आखाड्यात घडला. पुढे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांनी इतर गायिकांना हळुवारपणाची सवय लावली तरी यांचा आवाज अखेरपर्यंत मोकळ्या मैदानातल्या हजारांना उद्देशून असल्यासारखाच राहिला.

सिलोनमध्ये तमिळ नाटकांना तेव्हा मोठी मागणी असे. तेथे कोलंबोच्या मुक्कामी, १९२६ च्या सुमारास, सुंदरांबाळ यांची गाठ एस. जी. किट्टप्पा यांच्याशी पडली. चेंगोट्टै गावच्या एका गरीब ब्राह्मण कुटुंबातला हा मुलगा लहानपणापासून रंगभूमीवर वाढलेला; कन्नय्या यांच्या मंडळीत त्याने नाव मिळविलेले; आवाज असा की मोठमोठे मैफिलीचे गवईही तो ऐकण्यासाठी नाटकाला जाऊन बसत. या बाईपुढे तुमचा टिकाव लागणार नाही, असे किट्टप्पांना आणि या पुरुषापुढे तुमचा टिकाव लागणार नाही, असे सुंदरांबाळ यांना हितचिंतकांनी बजावल्याचे सांगतात. नाटक होते ‘वळ्ळी तिरुमणम्’. राळ्याच्या शेतातली पाखरे हाकीत माचावर उभी असलेली डोंगरातली मुलगी वळ्ळी, तिच्यावर मोहित होऊन कधी शिकारी तर कधी म्हातारा होऊन येणारा मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, आणि दोघांची ती गाण्यातून रंगत जाणारी वादावादी, असा हा खेळ. त्या रात्री लढत झाली आणि दोघेही जिंकले. १९२७ साली त्यांनी लग्न केले, आणि पुढची काही वर्षे ही जोडी म्हणजे तमिळ रंगभूमीचे वैभव होऊन राहिली. त्यांच्या तबकड्या घरोघर वाजू लागल्या. सभागृहे ओसंडू लागली.

परंतु या विवाहाला एक बाजू होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. किट्टप्पांचा आधीच एक विवाह झालेला होता. जातीची उतरंड, नाटकवाल्या बाईविषयीची समाजाची धारणा, घरच्या मंडळींचा विरोध, पुढे किट्टप्पांचे ढासळत गेलेले आरोग्य आणि उभयतांत आलेला दुरावा, या सर्वांचा ताण त्या संसारावर पडला. त्या काळी सुंदरांबाळ यांनी पतीला लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली, आणि प्रेम, रुसवा, काळजी व मानभंग यांनी भरलेली ती पत्रे वाचताना रंगमंचावरच्या त्या निर्भय वळ्ळीच्या मागे केवढी एकाकी मुलगी उभी होती हे कळून येते. २ डिसेंबर १९३३ रोजी किट्टप्पा वारले. वय सत्तावीस. बोलपट सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. किट्टप्पा त्यात कधीच आले नाहीत, आणि त्यांच्या नावावर मागे राहिल्या त्या केवळ तबकड्या.

सुंदरांबाळ पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी शुभ्र वस्त्र परिधान केले, दागिने उतरविले, आणि यापुढे कोणत्याही पुरुष नटाबरोबर जोडीने काम करावयाचे नाही अशी प्रतिज्ञा केली. कपाळी विभूती, गळ्यात रुद्राक्ष आणि अंगावर पांढरे पातळ, हे जे त्यांचे रूप नंतरच्या छायाचित्रांत दिसते ते त्या दिवसापासूनचे. या प्रतिज्ञेचा गौरव करताना पतिव्रताधर्माची जी भाषा नेहमी वापरली जाते ती मला अपुरी वाटते. विधवेचे जिणे ही त्या काळी लाखो स्त्रियांवर लादली गेलेली शिक्षा होती, तिचा गौरव करावा असे तिच्यात काही नाही. पण सुंदरांबाळ यांच्यावर ते जिणे कोणी लादलेले नव्हते. उलट पक्षी, नाटकात काम करणाऱ्या दुसऱ्या बायकोला विधवा म्हणवून घेण्याचा हक्कच मुळी सनातन समाज मान्य करीत नव्हता. ज्या नात्याची नोंद समाजाच्या दफ्तरात कोणी मनापासून करून घेतली नाही, ते नाते त्यांनी स्वतःच्या देहावरच्या वस्त्राने जाहीर केले आणि पुढची सेहेचाळीस वर्षे ते जाहीर करीत राहिल्या. माझ्या समजुतीप्रमाणे त्या पांढऱ्या पातळात शोकाइतकाच दावाही होता.

आता या दाव्याचा धंद्याशी संबंध असा, की जोडीने काम करावयाचे नाही म्हणताच नायिकेची वाट बंद झाली. दुसऱ्या कोणा नटीची कारकीर्द येथेच संपली असती. सुंदरांबाळ मात्र रंगभूमीवर परतल्या त्या पुरुषाच्या वेषात, नंदनार म्हणून. नंदनार हे शैव परंपरेतील त्रेसष्ट नायन्मारांपैकी, म्हणजे संतांपैकी, एक. जातीने अस्पृश्य, शेतमजूर, आणि चिदंबरमच्या नटराजाचे एकदा दर्शन व्हावे या एकाच ध्यासाने झुरणारा भक्त. ‘उद्या जाईन’ असे तो रोज म्हणतो, आणि मालक त्याला रोज कामाला जुंपतो. गोपालकृष्ण भारती यांनी एकोणिसाव्या शतकात या कथेवर जे संगीत चरित्र रचले ते तमिळ जनतेच्या कंठात बसले. पंढरीच्या महाद्वाराशी उभ्या राहिलेल्या चोखोबांचे अभंग ज्याने ऐकले आहेत त्या मराठी माणसाला नंदनार समजावून सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत चोखामेळा आणि रविदास यांच्या बरोबरीने नंदनार आहेत.

या नाटकावर बोलपट काढण्याची कल्पना घेऊन निर्माते हसनदास त्यांच्याकडे आले. सुंदरांबाळ यांना चित्रपटात जावयाचेच नव्हते. माणूस निघून जावा म्हणून त्यांनी एक लाख रुपये मागितले आणि त्याने ते कबूल केले, असे सांगतात. सोन्याचा भाव तोळ्याला तीस-पस्तीस रुपये होता, त्या काळातले हे लाख रुपये. हिंदुस्थानातल्या कोणाही नटाने वा नटीने एका चित्रपटासाठी एवढी रक्कम घेतल्याचे तोवर कोणी ऐकले नव्हते. अमेरिकेत चित्रपटविद्या शिकून आलेले माणिकलाल टंडन यांनी दिग्दर्शन केले आणि मैफिलीतील थोर गवई महाराजपुरम विश्वनाथ अय्यर हे नंदनाराच्या ब्राह्मण मालकाच्या भूमिकेत उभे राहिले. १९३५ साली ‘भक्त नंदनार’ पडद्यावर आला. चित्रपट म्हणून तो फार मोठा ठरला नाही. टीकाकारांनी त्याची बरीच झाडाझडती घेतली, आणि नाटकाच्या मुशीत घडलेला अभिनय कॅमेऱ्यासमोर जड होतो हा त्यांचा आक्षेप खोटाही नसावा.

तथापि १९३५ या सालाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो त्याचे कारण वेगळे आहे. त्याच वर्षी पुण्यात प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला. सेन्सॉरच्या हुकमापायी त्याचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव बदलावे लागले होते. त्यात स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारे बालगंधर्व संत एकनाथांच्या पुरुषवेषात उभे होते, आणि कथेचा गाभा होता अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांचा. म्हणजे एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता, दोन भाषांच्या संगीत रंगभूमींनी आपापले सर्वात लोकप्रिय कलावंत पडद्याकडे धाडले. दोघांच्याही बाबतीत नेहमीचा स्त्रीवेष जाऊन पुरुषवेष आला. आणि दोघांच्याही मुखी अस्पृश्यतेचा प्रश्न घातला गेला. योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नाही. १९३२ चा येरवड्याचा करार आणि त्यापाठोपाठचा गांधीजींचा हरिजन दौरा यांनी देश ढवळून काढला होता, मंदिरप्रवेशाचा प्रश्न मद्रास इलाख्यात धुमसत होता, आणि संतचरित्राच्या आडून या प्रश्नाला हात घालता येतो हे दोन्हीकडच्या निर्मात्यांनी ओळखले होते. नंदनाराच्या कथेत अखेर त्या भक्ताला अग्नीतून जावे लागते, तेव्हाच देवाचे दार उघडते. ही अट आजच्या वाचकाला, आणि विशेषतः दलित वाचकाला, संतापजनक वाटेल तर त्यात नवल नाही, आणि तो संताप रास्त आहे. पण एका विख्यात गायिकेने, जिच्या दर्शनासाठी लोक तिकिटे काढीत होते तिने, शेतमजुराची लंगोटी आणि कांबळे पत्करून देवळाबाहेर उभे राहणे, याचा परिणाम त्या काळच्या प्रेक्षकावर काय झाला असेल याचीही कल्पना केली पाहिजे.

राजकारणाशी त्यांचा संबंध याच्याही आधीचा. काँग्रेसचे फर्डे वक्ते एस. सत्यमूर्ती यांनी नाटकवाल्यांना राष्ट्रकार्यात ओढण्याचे जे काम मद्रास इलाख्यात केले त्याला तोड नाही. नाटकवाल्यांशी ओळख ठेवणे ही पुढाऱ्याला कमीपणा आणणारी गोष्ट मानली जात असताना त्यांनी ती उघडपणे केली. सुंदरांबाळ आणि किट्टप्पा खादी वापरू लागले, पुराणातल्या पदांच्या मधे देशभक्तीची पदे गाऊ लागले, आणि गांधीजींवर, स्वराज्यावर सुंदरांबाळ यांनी गायिलेल्या तबकड्या खेड्यांतल्या चहाच्या दुकानांपर्यंत पोहोचल्या. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला ही बातमी सुरांतून मिळत होती. काँग्रेसच्या सभेत आधी त्यांचे गाणे होई आणि मग भाषणे. गांधीजी १९३७ साली त्यांच्या कोडुमुडीच्या घरी आले असता त्यांना सोन्याच्या ताटात वाढले गेले, ‘केवळ अन्नच देणार की ताटही?’ असे त्यांनी विचारले, आणि ते ताट देशकार्याच्या निधीत जमा झाले, ही आख्यायिका तमिळनाडूत सर्वतोमुखी आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली, कामराज यांच्या पाठिंब्याने, त्या मद्रासच्या विधान परिषदेवर गेल्या. चित्रपटसृष्टीतून कायदेमंडळात गेलेली हिंदुस्थानातील ती पहिली व्यक्ती, असे मानले जाते. पुढे त्याच प्रांताच्या मुख्यमंत्रिपदावर अण्णादुरै आणि करुणानिधी यांसारखे पटकथाकार, एम. जी. रामचंद्रन यांच्यासारखे नायक आणि जानकी व जयललिता या नायिका बसल्या. या वाटेने सर्वांत आधी चालून गेली ती पांढरे पातळ नेसलेली, कोणतीही सत्ता न मागणारी ही बाई, याची आठवण तेथील राजकारणाचे विवेचन करणारे क्वचितच ठेवतात.

चित्रपटाकडे पुन्हा यावयाचे तर १९४० च्या ‘मणिमेखलै’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्याच नावाच्या प्राचीन तमिळ महाकाव्यातली ही नायिका गणिकेची कन्या. राजपुत्र तिच्यामागे लागतो, पण ती बौद्ध भिक्षुणी होते आणि कधी न रिते होणारे अक्षयपात्र घेऊन भुकेल्यांना अन्न देत हिंडते. कथा त्यांच्या प्रतिज्ञेशी मिळतीजुळती होती, म्हणूनच बहुधा त्यांनी ती पत्करली. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की गायिकांनी पडद्यावर स्वतःच्या अटींवर येण्याची एक वाट या काळात दक्षिणेत रुळत होती. पुढच्याच वर्षी ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या पुरुषवेषात गायिल्या, आणि त्यात सावित्री झाल्या होत्या त्या आपल्या प्रभातच्या शांता आपटे, तमिळ शिकून.

त्यानंतर तेरा वर्षे सुंदरांबाळ पडद्यावर आल्या नाहीत; आणि आल्या तेव्हा ‘अव्वैयार’ घेऊन आल्या.

अव्वै हे नाव तमिळ घरात तान्ह्या मुलालाही ठाऊक असते. या नावाच्या एकाहून अधिक कवयित्री होऊन गेल्या असे अभ्यासक मानतात. एक संगमकाळातली, अदियमान राजाची मैत्रीण, जिला त्याने दीर्घायुष्य देणारा दुर्मिळ आवळा स्वतः न खाता दिला. आणि दुसरी चोळांच्या काळातली, जिची चिमुकली नीतिवचने तमिळ मुले अक्षरओळखीबरोबरच पाठ करतात. लोकमानसाने या सर्वांची मिळून एकच म्हातारी केली आहे. हातात काठी, कपाळी विभूती, राजापासून गुराख्यापर्यंत कोणालाही खडसावण्याचा अधिकार असलेली. तिच्या बालपणाची कथा अशी की ती रूपवान होती, तिला मागण्या येऊ लागल्या, आणि लग्नाच्या बंधनात न पडता गावोगाव हिंडता यावे म्हणून तिने विनायकाची करुणा भाकली, ‘माझे तारुण्य काढून घे.’ विनायकाने ते काढून घेतले. ती तिथल्या तिथे वृद्ध झाली आणि मोकळी झाली.

ही कथा सुंदरांबाळ यांच्या चरित्राशेजारी ठेवून पाहावी. पंचविसाव्या वर्षी तारुण्य बाजूला ठेवलेल्या बाईने पंचेचाळिसाव्या वर्षी, तारुण्य आपणहून परत केलेल्या बाईची भूमिका केली. जेमिनीचे मालक एस. एस. वासन यांनी, ‘चंद्रलेखा’सारखा डोळे दिपविणारा चित्रपट काढणाऱ्या माणसाने, या म्हातारीच्या चित्रपटावर वर्षानुवर्षे वेळ आणि पैसा ओतला. कोत्तमंगलम सुब्बु यांनी दिग्दर्शन केले. तट पाडणारे हत्तींचे कळप, राजवाडे, चमत्कार, हजारोंचा जमाव, वासन यांच्या थाटाला शोभेल असे सर्व काही त्यात आहे, आणि कथानक मात्र प्रसंगांना प्रसंग जोडून केलेली गोधडी आहे. ती गोधडी एकसंध वाटते ती केवळ मधल्या त्या एका व्यक्तीमुळे. सुंदरांबाळ यांचा अभिनय येथे म्हणावा तर फार थोडा आहे: त्या चालतात, थांबतात, समोरच्याकडे सरळ पाहतात आणि गातात. पण ज्या क्षणी त्या पहिला स्वर लावतात त्या क्षणी आसपासचे हत्ती आणि राजवाडे गौण होऊन जातात. अठरा वर्षांपूर्वी ‘नंदनार’मध्ये ज्या नाटकी ठाशीवपणावर टीका झाली होती तोच ठाशीवपणा या भूमिकेत गुण ठरला, कारण अव्वै ही मुळातच चारचौघांसारखी बोलणारी व्यक्ती नव्हे, ती उच्चारते ते सूत्र असते. चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला आणि गावोगाव लोक बायकामुलांसह, यात्रेला जावे तसे, त्याला गेले. तेव्हापासून तमिळ माणसाच्या मनात अव्वैचा चेहरा म्हणून जो चेहरा उभा राहतो तो सुंदरांबाळ यांचा.

या यशानंतरही त्या अकरा वर्षे पडद्यापासून दूर राहिल्या. १९६४ साली करुणानिधींनी ‘शिलप्पदिकारम्’ या महाकाव्यावर ‘पूंपुहार’ची पटकथा लिहिली. पतीवरील अन्यायाबद्दल मदुरा जाळणारी कण्णगी ही त्या काव्याची नायिका. तिच्याबरोबर आणि कोवलनाबरोबर पुहारहून मदुरेची वाट चालणारी कवुंदी अडिगळ ही जैन साध्वी. सुंदरांबाळ यांनी ती केली. पटकथाकार द्रविड चळवळीतला, निरीश्वरवादी. अभिनेत्री जुन्या काँग्रेसची, मुरुगनभक्त. देवाच्या न्यायावर संशय घेणारी एक ओळ गाण्यास त्यांनी नकार दिला आणि करुणानिधींनी त्यांच्यासाठी ती बदलून दिली, असे सांगतात. दोघांनाही हे शोभून दिसते. मतभेद मिटला नाही, पण कलावंताची श्रद्धा ही तिच्या कलेचाच भाग आहे हे लेखकाने मानले, आणि विरोधी मताच्या लेखकाचे शब्द बाकी सर्वत्र तिने पूर्ण ताकदीने गायिले. पुढच्याच वर्षी ए. पी. नागराजन यांच्या ‘तिरुविळैयाडल’मध्ये त्या पुन्हा अव्वै झाल्या. शिवाजी गणेशन शिव, सावित्री पार्वती, आणि के. व्ही. महादेवन यांचे संगीत. हा चित्रपट तुफान चालला, आणि सिनेमा पाहावयास लागलेल्या एका नव्या पिढीला आपल्या आजीच्या तोंडी ऐकलेले नाव प्रथमच जिवंत दिसले. १९६६ साली तमिळ इसै संघाने त्यांना ‘इसै पेररिज्ञर’ ही पदवी दिली. १९६९ च्या ‘तुणैवन’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि १९७० साली पद्मश्री. हे राष्ट्रीय पारितोषिक पी. सुशीला यांच्यानंतर मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच गायिका. ज्या वयात गायकाचा गळा सहसा थकतो त्या साठीत हे घडले.

१९७३ साली नागराजन यांनी ‘कारैक्काल अम्मैयार’ काढला. अम्मैयार याही नायन्मारांपैकी. एका व्यापाऱ्याची रूपवती पत्नी. देवाच्या कृपेने तिच्या हाती आलेले आंब्याचे फळ पाहून नवरा भयचकित होतो, हिला देवता मानून सोडून जातो आणि दुसरा संसार थाटतो. ज्याच्यासाठी हे रूप सांभाळले तोच गेला, तर आता हे ओझे कशाला, असे म्हणून ती शिवाकडे अस्थिपंजर भूताचा देह मागते, आणि तो घेऊन हातांवर चालत कैलासास जाते. तरुण अम्मैयारची भूमिका लक्ष्मी यांनी केली, वृद्ध अम्मैयारची सुंदरांबाळ यांनी. टाकलेल्या रूपाचे दुःख आणि त्यातून मिळालेली मोकळीक या दोन्ही गोष्टी एकाच सुरात कशा असू शकतात, हे त्यांतील त्यांच्या गाण्यांइतके स्पष्ट मी दुसरीकडे कोठे ऐकलेले नाही. १९८० साली त्या निवर्तल्या. ज्या विधान परिषदेवर त्या गेल्या होत्या ती त्यानंतर सहा वर्षांनी बरखास्त झाली.

तमिळ न येणाऱ्या मराठी रसिकाला त्यांचा परिचय करून घ्यावयाचा असेल तर त्याने सुरुवात ‘तिरुविळैयाडल’च्या आरंभीच्या भागापासून करावी. नारदाने आणलेले फळ भावाला मिळाले म्हणून बाल मुरुगन रुसून, राग धरून पळणीच्या डोंगरावर जाऊन उभा राहिला आहे, आणि त्याची समजूत घालण्यास काठी टेकीत अव्वै येते. देवाला समजावणाऱ्या या म्हातारीच्या गाण्यात विनवणी आहे, आणि घरातल्या वडीलधारीची जरबही आहे. भाषा कळली नाही तरी कोणत्या ओळीत ती लाडीगोडी लावते आणि कोणत्या ओळीत दटावते हे ऐकणाऱ्याला सुरावरून ओळखता येते. तेथून मागे ‘अव्वैयार’कडे जावे, आणि मग किट्टप्पांबरोबरच्या जुन्या तबकड्यांकडे. त्या तबकड्यांत खरखर पुष्कळ आहे, पण विशीच्या आतबाहेरच्या त्या मुलीचा शब्द तेव्हाही तितकाच स्वच्छ ऐकू येतो.